शोभा कंडक्टरचा फोन

"...आणि गोष्ट आजच्या काळातली असेल, तर बाई, यातलं कोणतं घ्यायचं?"

शार्दूलने चौथं पुस्तक टेबलावर ठेवलं. टेबल म्हातारं होतं. ते जरा कुरकुरलं.

लाटकरबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर ताटलीत वीस बाजूंचे फासे होते, पोरांच्या हातांनी झिजून आकडे पुसट झालेले. बाई एकेक फासा उचलायच्या, त्यावर पांढरा मेणखडू घासायच्या आणि फडक्याने पुसायच्या. खाचेत रंग उरायचा आणि आकडा पुन्हा दिसू लागायचा.

साताऱ्याच्या त्या गल्लीत हा खेळ बाईंनीच आणला होता. टेबलाभोवती बसून बोलायचा खेळ. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. पुढे काय होईल ते ठरेना, की फासा टाकायचा. कधी टाकायचा आणि किती पडलं म्हणजे जमलं, ते नियमांचं पुस्तक सांगतं. आयुष्यभर शाळेत नाटक शिकवलेल्या बाईंना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्या व्हरांड्यात अर्धी गल्ली राजे, चेटकिणी आणि दरोडेखोर होऊन गेली.

शार्दूल त्यातलाच. आता तो स्वतः सूत्रधार झाला होता, आणि झाल्यापासून जरा ताठ मानेनं चालत होता.

"एवढी सगळी वाचलीस?"

"दोनदोनदा." हे त्याला कधीचं सांगायचं होतं.

"मग मला कशाला विचारतोस?"

शार्दूलची मान थोडी खाली आली.

"मागचा खेळ मोडला, बाई. ऋजुता मधेच उठून गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. इम्तियाज म्हणतो, ती नसेल तर आम्हीही नाही. या रविवारी जमलं तर जमलं... नाहीतर संपलं."

शाळेत होते तेव्हापासून ही मंडळी एकत्र खेळत होती. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी हातातला फासा खाली ठेवला.

"नियम चुकले माझे," शार्दूल म्हणाला. "तलवारींच्या काळातले नियम मी ओढूनताणून आजच्या गोष्टीला लावले. म्हणून तर ही नवी आणली. सगळी आजच्या जगाची आहेत."

बाईंनी सर्वांत जाड पुस्तक हातात घेतलं.

"यात काय आहे?"

"बंदुका. जवळजवळ अर्धं पुस्तक. गाड्यांचे पाठलागही आहेत."

"आणि तुझ्या गोष्टीत माणसं कोण?"

"एसटीचा ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक भूगोलाचे सर."

"बंदूक कोणाकडे आहे?"

"...कोणाकडेच नाही."

बाईंनी ते पुस्तक बाजूला ठेवलं. "आणि हे?"

"यात दुसऱ्याच्या संगणकात घुसता येतं."

"भूगोलाच्या सरांना?"

शार्दूलला हसू यायला लागलं होतं. त्यानं ते दाबलं.

"हे तिसरं मात्र चोख आहे, बाई. यात प्रत्येक गोष्टीची टक्केवारी दिली आहे."

"एसटी एका फटक्यात चालू होण्याची किती?"

"ते... चढावर उभी असेल तर वेगळी."

बाई खळखळून हसल्या. त्या हसल्या की व्हरांड्यात बसणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटायचं. शार्दूललाही वाटलं, आणि तो सैल होऊन बसला.

"चौथं अगदीच पातळ आहे," तो म्हणाला. "फार काही सांगितलेलंच नाही त्यात. सगळं सूत्रधाराच्या गळ्यात घातलंय."

"बरं. खेळ मोडला कुठं, ते सांग."

"घाटात. एसटी कठडा तोडून अर्धी बाहेर लटकली आहे. आत एक आजोबा अडकलेत. शोभा कंडक्टर त्यांना काढायला आत जाणार. शोभा म्हणजे ऋजुता. बस हळूहळू घसरतेय... मी ते छान रंगवलं होतं, बाई. सगळे श्वास रोखून बसले होते."

"मग?"

"मग ती म्हणाली, 'आत जायच्या आधी शोभा तिच्या वडिलांना फोन करते.' मी पुस्तक उघडून पाहिलं. निरोप धाडला की एक चाल खर्च, म्हणजे फोनलाही तेवढीच. आणि तेवढ्या वेळात बस आणखी घसरणार. मी तिला म्हटलं, याचा तुला फायदा काहीच नाही, चाल फुकट जाईल, दुसरं काहीतरी सांग."

"आणि ती?"

"म्हणाली, डोकं दुखतंय. निघून गेली."

 बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"सूत्रधार मी. शोभा तू."

"मी?"

"बस लटकली आहे. तुझ्या हातात फोन आहे. वडील उचलतात का बघू. टाक."

त्यांनी ताटलीतला एक फासा त्याच्या हातावर ठेवला. शार्दूलनं टाकला. फासा गडगडत जाऊन जाड पुस्तकाला अडला. शार्दूल वाकला, त्यानं चष्मा वर केला, फासा उचलून उजेडात धरला.

"यावर काहीच दिसत नाही, बाई. सगळा रंगच गेलाय."

"हो, त्याला खडू लावायचाय अजून."

"मग ठरवायचं कसं?"



"ट्रिंग... ट्रिंग..." बाई म्हणाल्या. त्यांचा फोन जुन्या काळातलाच वाजला.

शार्दूल हसला.

"ट्रिंग... ट्रिंग..."

तो हसायचा थांबला. बस घसरत होती. कशी घसरते ते त्यानंच तर रंगवलं होतं. कुणीतरी फोन उचलावा असं त्याला फार वाटू लागलं, आणि उचलला तर काय बोलायचं, याची भीतीही वाटू लागली.

"ट्रिंग..."

आवाज थांबला. बाईंनी हात कानाशी नेला. त्यांच्या गळ्यातून एका थकलेल्या म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला.

"हॅलो. कोण?"

शार्दूलनं नकळत मूठ कानाशी नेली.

"कोण बोलतंय?"

"बाबा... मी."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. नुसता श्वास.

"कुठं आहेस?"

"घाटात."

पुन्हा श्वास.

"...जेवलीस?"

 शार्दूलचे डोळे भरून आले. आपण एका नसलेल्या कंडक्टरसाठी, एका नसलेल्या बसच्या दारात रडतोय, हे त्याला कळत होतं, आणि तरी थांबवता येत नव्हतं.

"नाही अजून," तो म्हणाला.

बाईंनी हात खाली घेतला.  गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"ऋजुताचे वडील कुठं असतात रे?" बाईंनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

"कराडला."

"येतात का इकडं?"

"नाही. बोलणंच नाही त्यांचं. तिनं लग्न केलं, त्यांना ते मान्य नव्हतं, तेव्हापासून..." शार्दूल थांबला. पुढचं वाक्य त्यानं फार हळू उच्चारलं. "नोंदणीच्या वेळी साक्षीदार मीच होतो, बाई."

त्याला मागचा रविवार दिसत होता. समोर ऋजुता होती, मूठ कानाशी धरलेली. ती कुणीतरी फोन उचलायची वाट पाहत होती. आणि तो पुस्तकात पान शोधत होता.



"मग... नियम कोणते घेऊ?" हे विचारताना आता त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

बाईंनी पातळ पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

"हे ने. बाकीची इथंच राहू देत. माझ्या कुंड्या कलंडतात, त्यांच्याखाली लागतील."

शार्दूल ओल्या डोळ्यांनी हसला. त्यानं पातळ पुस्तक पिशवीत टाकलं, पायऱ्या उतरला आणि फाटकापाशी थांबला. खिशातून फोन काढला. ऋजुताचं नाव शोधलं. बराच वेळ नुसतं बघत राहिला. मग एकदाचं बोट टेकवलं.

पलीकडे घंटी वाजू लागली.

तो वळला. बाई तो कोरा फासा हातात घेऊन त्यावर खडू घासत होत्या.

"बाई... उचलेल का ती?"

बाईंनी फडक्याने फासा पुसला. त्यावर आकडा उमटला असणार. त्यांनी पाहिलाही नाही. फासा मुठीत झाकून घेतला.

"वाजू दे."