बांधावरचा धूर

गेनूबुवा गेल्याचा निरोप आला, तेव्हा केरबा रोजच्यासारखा रानातली उंदरांची बिळं लिंपत होता. चिखलाचा हात तसाच ठेवून तो बांधावर बसला.

सात वर्षांपूर्वी याच बांधावर तो बुवांवर तडकला होता.

"मग शेंगा खातंय कोण, बुवा?"

पाच गावांची रानं बुवांनी उंदरांपासून राखली होती. सगळी बिळं संध्याकाळी लिंपायची. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच जिवंत. केरबा हे त्यांच्याकडूनच शिकला होता, आणि शिकल्याचा ताठाही त्याला आला होता. दोन हंगामांत आपल्या रानात त्यानं एक बीळ जिवंत ठेवलं नव्हतं. तरी भुईमूग उपटला की हाती नुसती टरफलं. हेही पीक गेलं तर रान सोडून शहर गाठायचं, असं त्यानं घरी सांगून टाकलं होतं.

"रानातली बिळं झाली. बांधातली?"

"बांधाला हात लावायचा न्हाई. पलीकडं धोंडिबा हाय."

"भाऊच ना तुझा?"

"बोलणं न्हाई. नऊ वर्षं झाली."

एकानं कुदळ लावली की दुसरा मोजणी आणणार. म्हणून नऊ वर्षांत बांधाला कुणी शिवलं नव्हतं. तो माणूसभर रुंद झाला होता, गवत कमरेला लागत होतं.

बुवांनी बुडाला भोक असलेलं मडकं मागितलं. आत पेंढा पेटवला, वर चार सुक्या मिरच्या. मडक्याचं तोंड बांधातल्या बिळावर दाबून ते बुडातून फुंकू लागले.

केरबा काठी घेऊन दबा धरून बसला.

धूर आत गेला. अलीकडं कुठंच निघेना...

मग बांधापलीकडून खोकला आला.

"कोण रं त्यो? जीव घेतो का काय!"

बुवा फुंकतच राहिले.

"कोण हाय म्हणतो!"

"...मी हाय, दादा."

पलीकडचं गवत हललं.

"तुझ्याकडं बी खाल्लं का रं?"

"समदं."

"...थांब. कुदळ आणतो."

केरबानं डोळे पुसले. मिरची जहाल होती.

"धूर तिकडं निघणार, हे तुम्हाला कसं कळलं, बुवा?"

बुवा मडकं पालथं करून राख झाडत होते.

"माझा भाऊ गेला," ते म्हणाले. "आमचा बांध उकरायचा राहिलाच."