परत आलेली गोळी

फार वर्षांपूर्वी बहिरू शिकाऱ्याने ओताऱ्याकडून गोळ्यांचा साचा करवून घेतला. "दादा, माप फक्त माझ्याच बंदुकीचं हवं!" असे त्याने बजावले होते.

साचा गोळ्या घडवी आणि वाट पाहत बसे. गेलेली एकही परत येत नसे. चुलीपाशी तो एकटाच पडून राही.

एकदा बहिरूने शिकारीतून काढलेली चपटी गोळी वितळवायला आणली.

"आलीस गं बाई! कुठे होतीस इतके दिवस?" साच्याने विचारले.

"हरणीच्या पोटात," गोळी म्हणाली. "तिथे आधीच एक पाडस होतं."

बहिरूने तिचे शिसे वितळवून साच्यात ओतले. ते थंड झाले, पण साचा उघडेना.

"उघड की लेका!" बहिरू हातोडी मारत राहिला. साच्याने गोळीला कुशीत घट्ट धरले होते.