घावांचे आभार

"तुम्हीच सांगा काका, घाव सोसल्याशिवाय भांडं होतं का?"

बाळकोबा तांबटांनी हातातली तपेली उजेडात फिरवून पाहिली आणि बाजूला ठेवली.

हर्षदाने फोन त्यांच्या गुडघ्याशी सरकवला. त्यात तिचा पहिला अल्बम होता. नऊ गाणी. शब्द तिचे, चाली तिच्या, गळाही तिचाच. बापाने दारू पिऊन लहानपणी तिला गुरासारखं मारलं, आणि त्यातून ती कशी सावरली, त्याची ही गाणी. सोमवारी अल्बम लोकांपुढे जाणार होता. त्याआधी ती तांबट आळीत आली. गाण्याच्या क्लासची पायरी तिने कधी चढली नव्हती. लय तेवढी शिकली, ती या दुकानाच्या ओट्यावर. बाळकोबांच्या ठोक्यांवर टाळी द्यायची, चुकली की शिव्या खायच्या.

"लाव," बाळकोबा म्हणाले.

तिने शेवटचं गाणं लावलं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. 'बाबा, तुझ्या घावांनी मला नाद दिला, त्या घावांचे आभार.' ही ओळ तीनदा आली.

गाणं संपलं.

"वाजंत्री फार आहे. लय बरी आहे."

हर्षदा हसली. बाळकोबांनी 'बरी' म्हटलेलं आळीत फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

"आठ वर्षं मनाच्या डॉक्टरकडे जात होते, काका. राग धरून धरून हात दुखले. मग तुमची भांडी आठवली. म्हटलं, ठोकल्याशिवाय आकार नाही. आभार मानावेत आणि मोकळं व्हावं. आता आशीर्वाद द्या."

बाळकोबा उठले. कोपऱ्यातून एक अर्धी घडलेली वाटी आणली. ती ऐरणीवर धरली आणि हातोडी तिच्या हातात दिली.

"ठोक."

तिने ठोकली.

"अजून."

वाटीचा आवाज चढला. तिने काकांकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? अजून."

काठापासून बोटभर चीर गेली.

"चुकलं का माझं?"

"हात बरोबर पडला. वाटी भट्टीत घातलेली नव्हती."

"म्हणजे?"

"तांबं ठोकलं की ताठरतं. मग भट्टीत घालून मऊ करायचं. मग पुढचा घाव. दर फेरीला असं. आणि थांबायचं कुठे, ते हाताला कळायला मला बारा वर्षं लागली…" बाळकोबांनी हातोडी तिच्याकडून काढून घेतली. "तुझा बाप थांबायचा?"

"नाही."

"मग त्याला माझ्या पंगतीला बसवू नकोस."

हर्षदाने त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"मग हा गळा आला कुठून, काका? तो मार बसला नसता, तर मी गायलेच नसते."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते."

"तुला काय ठाऊक? चार वर्षांची होतीस."

बाळकोबा ओट्यावर टेकले. बोटांच्या पेरांनी त्यांनी फळीवर ठेका धरला. मग हा माणूस, ज्याला आरतीतही कुणी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं, गायला लागला. आवाज म्हणजे कानस घासल्यासारखा.

"घागरबाई, पोट मोठं…
काय खाल्लं, सांग खोटं…"

हर्षदा बघतच राहिली.

"हे कुणाचं?"

"तुझं. तुझी आई घागरीचा पोचा काढायला आली होती. तू इथे बसून हे गाणं जोडलंस. मग रोज म्हणायचीस. तुझा बाप तेव्हा कारखान्यात जायचा आणि शुद्धीत घरी यायचा. कारखाना बंद पडून तो प्यायला लागला, ते त्यानंतर दोन वर्षांनी."

तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण ओठ हलले. 'सांग खोटं'शी येऊन ती एकदम हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. पदर नव्हता, ओढणी नव्हती. तिने बाहीला डोळे पुसले.

"ती आभारांची ओळ काढून टाकते, काका. सोमवार हुकला तर हुकला."

"हं."

तिने वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एरवी ते पाय मागे घ्यायचे, या खेपेला घेतले नाहीत.

"सव्वीस वर्षं माझं गाणं सांभाळलंत तुम्ही. आभार मानायचे तर तुमचेच. अल्बमवर तुमचं नाव घालते."

"माझं कशाला?" बाळकोबा म्हणाले. "तू गायला लागलीस की मी हातोडी खाली ठेवायचो. एवढंच."