यजुर्वेदाची दुसरी लस

विषय : कुत्र्याच्या पिल्लाच्या मस्तकी आपला हात ठेवून मिळणेबाबत.

संदर्भ : या विषयी विचारले असता गेल्या गुरुवारी आपण पाळलेले मौन.

"…तरी सदर मौन होकारार्थी समजावे काय?"

एवढं वाचून त्र्यंबकराव नाडगौडांनी अर्ज नाथबाबांपुढे ठेवला. तालुक्यात त्यांच्या मसुद्याला तोड नव्हती, असं ते स्वतःच सांगत.

उपरण्यात गुंडाळलेलं दोन महिन्यांचं पिल्लू थरथरत होतं. बाबा मठाच्या पडवीत बसले होते. पायाशी एक रोडकी कुत्री.

"लस?" बाबांनी विचारलं.

"एक झाली. जंताचं औषधही दिलं. दुसरी लस रविवारी. तोवर घराबाहेर काढू नका म्हणाल्यात डॉक्टरीणबाई."

"मग?"

"मठ का बाहेर आहे, बाबा? गुरूचं घर ते आपलंच घर. 'बाहेर' या शब्दाची व्याप्ती मी नीट तपासली."

बाबांनी पिल्लाकडे पाहिलं.

"नाव काय याचं?"

"यजुर्वेद. दत्तगुरूंची चार कुत्री म्हणजे चार वेद, म्हणून…"

"ऋग्वेद कुठाय?"

ऋग्वेद भाद्रपदात गेला, घरी आल्यापासून नवव्या दिवशी. उलट्या, मग रक्त. परसात खड्डा पत्नी कालिंदीबाईंनी खणला, कारण यजमान पारायणाला बसले होते. हे पिल्लू आलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "हेही गेलं तर वेद पुरे करा. मी पुन्हा कुदळ धरणार नाही."

"ऋग्वेद… राहिला नाही."

"आणि हा? यजुर्वेद म्हटलं की येतो?"

"आमची ही त्याला बाळ्या म्हणते."

"येतो कुणाच्या हाकेला?"

"…तिच्या."

कुत्रीने मान वर करून उपरण्याकडे पाहिलं, पुन्हा खाली टाकली.

"हात ठेवा, बाबा. सकाळपासून भाताला तोंड लावलं नाही त्यानं. नुसता टेकवा…"

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

सोळा पारायणं झाली, आणि हात मागे?

"माझं काही चुकलं?"

"हिची चार पिल्लं होती," बाबा कुत्रीकडे पाहत म्हणाले. "परवा चौथं गेलं. उलट्या, मग रक्त. तेव्हापासून हिला कुरवाळत बसलोय. याच हातांनी."

…

त्र्यंबकरावांनी पिल्लू छातीशी असं आवळलं की ते केकाटलं.

"पण मी… मी याला खाली ठेवलं होतं. नमस्कार करताना. पायरीवर."

"पाहिलं. ओरडलोही. तू मोठ्यानं स्तोत्र म्हणत होतास."

"जगेल ना, बाबा?"

"डॉक्टरीण कितीपर्यंत असते?"

"एकपर्यंत."

"साडेबारा झालेत."

त्र्यंबकराव अनवाणीच पळाले. फाटकापाशी मात्र पाय अडखळले. सवय जाता जाईना.

"बाबा! अर्जावर काही शेरा?"

बाबांनी हात अजून पुढे घेतले नव्हते.

"अर्ज प्रलंबित आहे. पळ."