मागे राहिलेली हरिणी

एका डोंगराआडच्या गावात एक तिरंदाज राहत होता. गोष्ट इतकी जुनी आहे की त्या गावाला अजून खोटं बोलायची सवय लागलेली नव्हती. ती कशी लागली, तेच सांगायचं आहे.

गाव शिकारीवर जगायचं आणि शिकारीचे नियम देवाधर्मापेक्षा कडक पाळायचं. जनावराला बाण लागला की शिकाऱ्याने धावायचं नाही. जागेवर बसायचं, तोंडात गवताची काडी धरायची आणि ती चावून चावून तिचा चोथा होईपर्यंत उठायचं नाही. मागे कुणी लागलं नाही, तर जखमी जनावर जवळच्याच जाळीत जाऊन पडतं आणि निवांत मरतं. मागे लागलं, तर मरत मरतही पळत राहतं.

आणि एवढं करूनही जनावर सापडलं नाही, तर वेशीवर येऊन चारचौघांत सांगायचं, "माझं जनावर मागे राहिलं." मग सकाळी घरटी एक माणूस शोधाला निघायचा. जनावर सापडायचंच, पण त्याचा वाटा बाण मारणाऱ्याला मिळायचा नाही, आणि तो मोसम संपेपर्यंत त्याचं धनुष्य चावडीच्या खुंटीला टांगलेलं राहायचं. म्हणून रोज सूर्य मावळताना गावाचा नायक वेशीवर बसे आणि परतणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "मागे काही राहिलं का?"

आपला तिरंदाज गावातला सगळ्यांत चांगला नेमबाज होता. हे त्यालाही माहीत होतं, ही त्यातली अडचण. म्हाताऱ्या नायकाची नजर गेली होती आणि दुसऱ्या दिवशी नायकपदाचा फेटा तिरंदाजाच्या डोक्यावर चढायचा होता. रीत अशी, की होणाऱ्या नायकाने आपल्या समारंभाची शिकार आपणच आणायची. पाहुणे दुपारपासूनच येऊन बसले होते. पाहुण्यांना अशा बाबतीत उशीर होत नाही.

त्या दिवशी रानात तिरंदाजाला एक हरिणी दिसली. घाई होती, हात किंचित हलला आणि बाण छातीत लागायचा तो बरगड्यांच्या मागे, पोटात घुसला. हरिणी पाठीची कमान करून उडाली आणि झाडीत गेली. त्याने जाऊन पाहिलं. पानांवर रक्त होतं, पण काळपट, आणि त्यात अर्धवट चघळलेल्या गवताचे हिरवे तुकडे. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता: पोटाची जखम. जनावर हळूहळू मरणार. एक काडी पुरायची नाही, पेंढीभर चावावी लागणार.

तो बसला. काडी तोंडात धरली. मग सूर्याकडे पाहिलं, पाहुणे आठवले, फेटा आठवला. काडी थुंकून तो उठला.

पहिल्या जाळीत गवत दबलेलं होतं आणि हात लावला तर अजून उबदार होतं. ती बसली होती. त्याची चाहूल लागून उठली होती. दुसऱ्या जाळीत तेच. पुढच्या ओहोळाकाठी तर ती त्याच्या डोळ्यांसमोर उठली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि लटपटत निघून गेली. बाणाचं लाल दोरा गुंडाळलेलं मोरपीस तिच्या पोटाशी हलत होतं. मग कातळ लागला. कातळावर खूर उमटत नाहीत आणि रक्तही आटलं होतं. ओणवा होऊन, गुडघे सोलून घेत त्याने बोटाबोटाने दगड चाचपत माग शोधला. ऊन उतरलं तेव्हा तो रिकाम्या हाताने परत फिरला.

वाटेत त्याने विचार केला. खरं सांगावं, तर धनुष्य खुंटीला आणि फेटा गेला. बाण हुकला म्हणावं, तर लोक आयुष्यभर हसतील. तिसरं एक उत्तर होतं, जे कुणालाच तपासता येणार नव्हतं.

"मागे काही राहिलं का?" म्हाताऱ्या नायकाने विचारलं.

"नाही, नायकबाबा. काही दिसलंच नाही आज."

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही न दिसताच एवढा घाम?"

"ऊन होतं."

"असेल, असेल," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत घरी गेला.

समारंभ थाटात झाला. काही दिसलंच नाही तर तो तरी काय करणार, म्हणून हरणाच्या जागी कोंबडे कापले गेले आणि त्यांनी काहीच तक्रार केली नाही. गावातल्या सगळ्यांत थोरल्या पंचाने फेटा बांधला. पाहुणे असेपर्यंत नव्या नायकाने वेस ओलांडायची नाही, अशीही एक रीत होती, आणि पाहुणे तर काही निघेनात. तिरंदाज रोज ओट्यावर बसून रानाकडे बघत राहायचा.

"रानाकडे काय सारखं बघताय?" बायको म्हणाली. "मान अवघडेल. फेटा नवा आहे."

"तिकडे घारी फिरतायत का, ते बघतोय."

"नायकांना आता घारीही मोजाव्या लागतात होय?" ती म्हणाली आणि मग त्याच्या सोललेल्या गुडघ्यांकडे नजर गेली, तशी तेलाची वाटी आणायला आत गेली.

शेवटचा पाहुणा गेला त्या सकाळी तो कातळावर जाऊन पोचला. या वेळी त्याला घाई नव्हती. कातळाच्या पलीकडच्या कडेला, एका पानाच्या पाठीवर वाळलेला काळा डाग सापडला. पुढे दुसरा. मग मुंग्यांची ओळ, आणि ओळीच्या टोकाला करवंदीची जाळी.

हरिणी जिवंत होती.

जाळीखालच्या कोरड्या ओढ्यात ती पडली होती. पुढच्या खुरांनी तिने वाळू खरवडली होती, पाण्यासाठी. पुढे हाकेच्याही नाही, हाताच्या अंतरावर वाळूत ओल होती. तिथवर तिला सरकता आलं नव्हतं. माश्या हाकलायला शेपटीत बळ उरलं नव्हतं. हलत होते ते फक्त डोळे, आणि तेही भीतीने नाही. भिणं तिचं कधीच संपलं होतं.

तिरंदाजाने सुरा काढला आणि जे पहिल्या संध्याकाळी व्हायला हवं होतं, ते केलं. मग तो तिच्याशेजारी बसून राहिला. तिथेच पुरून टाकलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. पण काही वेळाने तो उठला, तिला खांद्यावर घेतलं आणि त्या वासासकट, भर दिवसा, चावडीवर नेऊन ठेवलं.

गाव जमलं. थोरल्या पंचाने नाकाला उपरण्याचा शेव लावून विचारलं, "बाण कुणाचा?"

"माझा. मोरपीस, लाल दोरा. सगळ्यांना ओळखीचा आहे."

"तुझा कसा असेल? तू तर म्हणालास, काही दिसलं नाही."

"खोटं बोललो."

"नायक खोटं बोलत नाही."

"तेव्हा मी नायक नव्हतो."

"होणार होतास. आमचं ठरलं होतं."

दुसरा पंच समजुतीच्या सुरात म्हणाला, "अरे, पाहुणे जेवून गेले. आता त्यांच्या मागे माणूस पाठवून काय सांगायचं? जेवलात ते विसरा म्हणून?"

"तू चुकलास म्हणजे तुला निवडणारे आम्हीही चुकलो," थोरला पंच म्हणाला. "एका जनावरासाठी अख्ख्या गावाला खाली बघायला लावतोस होय?"

तिरंदाज म्हाताऱ्या नायकाकडे वळला. "नायकबाबा, तुम्ही तरी सांगा. त्या दिवशी तुम्ही खांद्यावर हात ठेवला होतात."

"डोळे गेलेत, नाक शाबूत आहे," म्हातारा म्हणाला. "रक्ताचा वास आला होता मला."

"मग बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्याने काठीची मूठ चाचपली. "उतारवय झालं, बाळा. वेशीवर बसून बसून कंटाळलो होतो. फेटा उतरवायची घाई मलाही होती."

तिरंदाजाने फेटा काढून हरिणीच्या शेजारी ठेवला. थोरल्या पंचाने तो उचलला, झटकला आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर बांधला. पहिल्यापेक्षा नीट बांधला. मग निकाल दिला: बाण रानात पडला असावा, परगावच्या कुणा चोराला सापडला असावा, आणि त्यानेच हे पाप केलं असावं. हरिणीला वेशीबाहेर पुरावं. लोकांनी माना डोलावल्या. कुणी रागावलं नव्हतं. सगळे त्याच्याशी फार चांगलं वागले.

पुढच्या मोसमात नवा नायक वेशीवर बसू लागला. शिकारी परतायचे, तो विचारायचा, ते "नाही" म्हणायचे. एकदाही शोधाला निघावं लागलं नाही. शेजारची गावं म्हणू लागली, नायक असावा तर असा. याच्या हाताखाली एकही जनावर मागे राहत नाही.

एका संध्याकाळी एक शिकारी रिकाम्या हाताने आला. त्याच्या पोटरीवर काळपट रक्ताचा ओघळ वाळला होता आणि त्यात गवताचे हिरवे तुकडे चिकटले होते.

"मागे काही राहिलं का?"

शिकाऱ्याने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "नाही, नायक. काही दिसलंच नाही आज."

तिरंदाजाने तोंड उघडलं. शिकारी थांबला, जराही न घाबरता, आणि त्याच्या फेट्याकडे बघत राहिला.

"बरं," तिरंदाज म्हणाला. "घरी जा. जेवून घे."

शिकारी शीळ घालत गेला. तिरंदाज अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. रानात जे पडलं होतं त्याला मरायला किती वेळ लागेल, हे अख्ख्या गावात त्याच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

तात्पर्य काढायचंच तर ते एवढं: चूक कबूल करायची वेळ फार थोडी असते. ती टळली की माणूस खरं बोलायला तयार होतो, पण तोवर त्याचं खोटं इतरांच्या सोयीचं झालेलं असतं.