रोवळी आणि इटलीचा तांदूळ

फार पूर्वी एका स्वयंपाकघरात न धुतलेला दाणा पातेल्यात जात नसे. तिथे इटलीचा आखूड तांदूळ आला. त्याला सायीसारखा दाट रिसोटो व्हायचं होतं.

"आधी अंगावरची पांढरी भुकटी धुऊन टाक," तांदूळ धुणारी रोवळी म्हणाली.

"रोवळीबाई, तो मळ नाही. ती भुकटीच शिजून दाटपणा येतो. ती गेली, तर मी नुसता भात उरेन."

"काल आलास, आणि आम्हाला शिकवतोस?"

तिने त्याला नळाखाली धरलं. दुधासारखं पाणी तीनदा मोरीत गेलं.

पळी थोडंथोडं गरम सूप घालत, क्षणभरही न थांबता ढवळत राहिली. दाणे एकमेकांना धरेनात.

"आता काय करू?" तिने कळवळून विचारलं.

रोवळीने पातेल्यात डोकावून पाहिलं. "कौतुक कर की. कसा दाणा न् दाणा मोकळा झालाय."