सुतारपक्षी आणि मुका ठरलेला डबा

सागवानाच्या एका जंगलात, मुलांनो, एक सुतारपक्षी गॅरेज चालवत असे. आजाऱ्यांना दवाखान्यात नेणारी जंगलातली एकुलती एक गाडी त्याने वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळली होती. त्या गाडीत इंजिन, ब्रेक, दिवे आणि दारे यांचे चार विजेचे डबे होते आणि ते तारांवरून सतत एकमेकांशी बोलत. एके सकाळी गाडी अडून बसली. बिघाड सांगणारा स्कॅनर लावला, तर तीन डब्यांची एकच तक्रार निघाली : 'ब्रेकचा डबा उत्तर देत नाही.'

सिंहाने नामांकित मेकॅनिक कोल्ह्याला बोलावले. कोल्ह्याने ऐटीत ब्रेकचा डबा काढून फेकला आणि नवा बसवला. तक्रार तीच. मग आणखी एक बसवला, तरी तेच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते असे. "महाराज, गाडीच म्हातारी झाली," कोल्हा शेपटी झटकत म्हणाला, "भंगारात काढा."

सुतारपक्षी पुढे झाला. गाडी गेली तर आजारी पाडसांना नेणार कोण? "महाराज, मला दुपारपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला.

"तीन साक्षीदार एकच सांगताहेत. तू टकटक करून काय शोधणार?" कोल्हा हसला.

"आम्हाला ऐकू आले नाही, एवढेच ते सांगताहेत," सुतारपक्षी म्हणाला. "तो बोललाच नाही, हे कशावरून?"

त्याने फेकलेला जुना डबा पुसून पुन्हा जागेवर बसवला आणि स्कॅनर थेट त्यालाच जोडला. डबा घडाघडा बोलत होता! म्हणजे दोष वाटेत होता. मग सुतारपक्षी चोचभर चोचभर तार चाचपत निघाला. गेल्या महिन्यात कोल्ह्याने हौसेने एक भोंगा बसवला होता. भोंग्याच्या पट्टीखाली तार चेपली होती, वरून धडधाकट, आतून तुटलेली. सुतारपक्ष्याने ती नीट जोडली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"कोणता नवा डबा बसवलास रे?" कोल्ह्याने विचारले.

"जुनाच आहे, कोल्होबा. तुम्ही फेकलेला."

सिंहाने सर्वांदेखत गाडीची किल्ली सुतारपक्ष्याच्या हवाली केली. त्याची छाती अभिमानाने फुगली, आणि ती फुगायलाच हवी होती. दुपारी त्याच गाडीतून तापाने फणफणलेले एक पाडस दवाखान्यात पोहोचले.

तात्पर्य : ज्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही त्याला मुका ठरवण्याआधी मधली वाट तपासावी.